बालकांचे कैवारी : थिओडोर एशेरिख

तान्ह्या मुलाला वाचा नसते. भूक लागली तरी ते रडते, पोटात दुखले तरी रडते आणि झोप आली तरीही रडतेच. त्यामुळे त्याच्या दुखण्याचा ठाव लागणे मोठे कठीण असते. दीडशे वर्षांपूर्वी युरोपातील नामांकित वैद्यही तान्ह्या मुलांच्या आजारांत फारसे लक्ष घालीत नसत. ते काम सुईणींचे आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांचे, असा सर्वत्र समज होता. कित्येक रुग्णालयांत तर अगदी लहान अर्भकांना दाखल करून घेण्याचीच टाळाटाळ होई. कारण दाखल केलेली अर्भके क्वचितच घरी परत जात. जर्मनीच्या दक्षिणेस असलेल्या बव्हेरिया प्रांतात त्या काळी जन्मास येणाऱ्या दर दहा मुलांपैकी सुमारे तीन मुले आपला पहिला वाढदिवस पाहत नसत. उन्हाळा लागला की हगवणीची साथ येई आणि पाळणे रिकामे होऊ लागत. लोक याला देवाची इच्छा म्हणत आणि गप्प बसत. याच प्रांतात जन्मलेल्या एका डॉक्टराला मात्र गप्प बसवेना. त्यांचे नाव थिओडोर एशेरिख.

एशेरिख यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८५७ रोजी आन्सबाख या गावी झाला. त्यांचे वडील फर्डिनांड हे सरकारी वैद्यकीय अधिकारी होते. रोग्यांना औषध देणे एवढ्यावरच त्यांचे समाधान नसे. कोणत्या धंद्यातील माणसे किती वर्षे जगतात, याची आकडेवारी गोळा करून तिचा अभ्यास करण्याचा त्यांना नाद होता. मृत्यू ही केवळ रडण्याची गोष्ट नसून मोजण्याची आणि विचार करण्याचीही गोष्ट आहे, हा धडा थिओडोरला घरातच मिळाला असला पाहिजे. तो पाच वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे हे कुटुंब व्युर्त्सबुर्ग शहरी राहावयास गेले. थिओडोर हुशार होता, पण तितकाच खोडकर. त्याच्या खोड्यांना कंटाळून वडिलांनी त्याला बाराव्या वर्षी ऑस्ट्रियातील फेल्डकिर्ख येथे जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत ठेविले. तेथील कडक शिस्तीत तीन वर्षे काढून तो व्युर्त्सबुर्गला परत आला आणि १८७६ साली त्याचे शालेय शिक्षण पुरे झाले.

त्यानंतर स्ट्रासबुर्ग, कील, बर्लिन आणि व्युर्त्सबुर्ग अशा चार विद्यापीठांत एशेरिख यांनी वैद्यकाचा अभ्यास केला. १८८१ साली ते उत्तम रीतीने परीक्षा उत्तीर्ण झाले. काही महिने लष्करी रुग्णालयात सेवा केल्यावर त्यांना व्युर्त्सबुर्गच्या रुग्णालयात कार्ल गेरहार्ट यांच्या हाताखाली जागा मिळाली. गेरहार्ट हे बालरोगांचे मोठे जाणकार होते. गुरूंचे लक्ष ज्या विषयाकडे, त्याच विषयाकडे शिष्याचेही लक्ष वळले. लहान मुलांच्या रोगांचा अधिक अभ्यास करण्यासाठी १८८४ साली एशेरिख पॅरिसला गेले आणि तेथून व्हिएन्नास गेले. व्हिएन्ना येथील सेंट ॲना बालरुग्णालयात त्यांनी काही काळ काम केले. ज्या रुग्णालयात ते शिकाऊ म्हणून वावरले, त्याचीच सूत्रे पुढे अठरा वर्षांनी त्यांच्या हाती यावयाची होती.

त्या वेळी वैद्यकात एक नवे युग सुरू झाले होते. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजंतू रोग उत्पन्न करतात, हे फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी आणि जर्मनीत रॉबर्ट कोख यांनी दाखवून दिले होते. पटकीच्या जंतूचा छडा लावण्यासाठी कोख हे आपल्या देशात कलकत्त्यापर्यंत आले होते आणि १८८४ च्या आरंभी त्यांनी तो जंतू शोधूनही काढला होता. त्याच वर्षी इटलीतील नेपल्स शहरी पटकीची भयंकर साथ उसळली. बव्हेरियाच्या सरकारने तिच्या अभ्यासासाठी जे डॉक्टर पाठविले, त्यांत सव्वीस वर्षांचे एशेरिख होते. आतड्याच्या रोगाने माणूस काही तासांत कसा सुकून जातो, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले आणि रोगजंतू शोधण्याच्या नव्या पद्धतीचा पहिला अनुभवही घेतला.

नेपल्सहून ते म्युनिकला आले. तेथील बालरुग्णालयात अतिसाराने सुकलेली बालके नित्य येत. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले, रडण्याचेही त्राण उरलेले नाही, अशी ती स्थिती. पटकीला जसा एक विशिष्ट जंतू कारण आहे, तसाच या बालकांच्या हगवणीलाही एखादा जंतू कारण असेल काय, असा प्रश्न एशेरिख यांच्या मनात उभा राहिला. दुसरा एखादा उतावळा संशोधक असता, तर त्याने आजारी मुलांच्या शौचात जो जंतू प्रथम दिसला, त्यालाच अपराधी ठरविले असते. एशेरिख यांनी तसे केले नाही. गावात चोर शिरला आहे की नाही हे कळावयाचे असेल, तर आधी गावातली माणसे ओळखता आली पाहिजेत. त्याचप्रमाणे निरोगी बालकाच्या आतड्यात कोणते जंतू असतात, हे आधी जाणून घेतले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या थोरवीचे मूळ या एका निर्णयात आहे. नवल एवढेच की, हा साधा विचार तोवर फारसा कोणाला सुचला नव्हता.

काम किळसवाणे होते. बाळाची शी म्हटली की आपण नाक मुरडतो. पण एशेरिख तिचे नमुने निर्जंतुक केलेल्या काचेच्या नळ्यांत काळजीपूर्वक गोळा करू लागले. जंतूंची पैदास कशी करावी, हे त्यांनी कोख यांच्या एका शिष्याकडून शिकून घेतले होते. ही रीत मोठी चतुराईची होती. मांसाच्या रसात जिलेटीन विरघळवून तो रस काचेच्या पट्टीवर पातळ ओतावयाचा. तत्पूर्वी त्यात नमुन्याचा अगदी सूक्ष्म अंश मिसळावयाचा. रस थिजला म्हणजे त्यातील जंतू, पाकात तीळ अडकावेत तसे, जागच्या जागी अडकतात. मग एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढत वाढत प्रत्येक जंतूच्या जागी त्याच्याच वंशाचा एक ठिपका डोळ्यांना दिसू लागतो. असा एक ठिपका अलग काढला की एकाच जातीचे निर्भेळ जंतू हाती येतात. त्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहावयाचे, बटाट्याच्या कापांवर वाढवून पाहावयाचे, दुधात सोडून पाहावयाचे. जंतूंना रंग देण्याची ग्रॅम यांची पद्धत नुकतीच, १८८४ साली, प्रसिद्ध झाली होती. तीही एशेरिख यांनी उपयोगात आणली. म्युनिकलाच कार्ल फॉन फॉइट हे अन्नपचनाचे जगप्रसिद्ध अभ्यासक होते. त्यांच्या प्रयोगशाळेतही एशेरिख काम करीत. जंतुशास्त्र आणि आहारशास्त्र ही दोन शास्त्रे अशा रीतीने एका माणसाच्या हातात एकत्र आली.

त्यांना जे आढळले ते असे. बाळ जन्मल्याबरोबर त्याच्या पोटातून जो काळपट चिकट मळ पडतो, त्यात जंतू मुळीच दिसत नाहीत. परंतु काही तासांतच ते दिसू लागतात आणि नाना जातींचे असतात. ते बाहेरच्या जगातून, बाळाच्या भोवतालच्या वस्तूंवरून आणि हवेतून येतात, असा एशेरिख यांचा निष्कर्ष होता. पुढे बाळ आईच्या अंगावर पिऊ लागले की एक चमत्कार घडतो. काळा मळ जाऊन पिवळी शी होऊ लागते आणि जंतूंचा तो बाजार पांगतो. सर्व निरोगी बालकांत पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या मोजक्याच जाती उरतात. त्यांतील दोन त्यांना मुख्य वाटल्या. एक आतड्याच्या वरच्या भागात राहणारी, दुधातील साखरेवर जगणारी व वायू उत्पन्न करणारी. दुसरी मोठ्या आतड्यात राहणारी, आखूड, बारीक काडीसारखी. ही काडी एवढी लहान की, पाचशे काड्या एकापुढे एक ठेवाव्यात तेव्हा कोठे एक मिलिमीटर लांबी भरावी. निर्जंतुक दुधात ती सोडली तर काही दिवसांनी दूध आंबून घट्ट होते. मोठ्या आतड्यात सर्वांच्या ठायी आढळणारी म्हणून एशेरिख यांनी तिला ‘बॅक्टेरियम कोलाय कम्यून’ असे नाव दिले.

१४ जुलै १८८५ रोजी म्युनिकच्या एका शास्त्रीय मंडळापुढे त्यांनी ही सर्व माहिती व्याख्यानरूपाने मांडली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८८६ साली, या विषयावर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात अर्भकाच्या आतड्यातील जंतूंचे वर्णन तर होतेच. पण त्या जंतूंचा आणि अन्नपचनाचा संबंध काय, याचाही ऊहापोह होता. बाळाचे अन्न बदलले की त्याच्या आतड्यातील जंतूंची वस्तीही बदलते, ही महत्त्वाची गोष्ट त्यांनी लोकांच्या नजरेस आणली. वयाच्या तिशीच्या आत ते या विषयातील पहिल्या प्रतीचे जाणकार मानले जाऊ लागले.

येथे त्या काळच्या बालसंगोपनाविषयी थोडे सांगितले पाहिजे. बव्हेरियाच्या अनेक भागांत आईने बाळास अंगावर पाजण्याची चालच राहिली नव्हती. बाळाला पिठाची पेज किंवा गाईचे दूध दिले जाई. हे दूध खेड्यातून शहरात येईपर्यंत उन्हाने नासू लागलेले असे. ते पाजण्याच्या बाटलीला लांब रबरी नळी असे आणि ती आतून नीट धुणे जवळजवळ अशक्य होते. अशा दुधातून कोट्यवधी जंतू बाळाच्या पोटात जात. उन्हाळ्यात बालके का दगावतात, याचे उत्तर पुष्कळ अंशी त्या नळीत आणि त्या नासक्या दुधात होते. १८८६ साली म्युनिकमध्येच फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या रसायनशास्त्रज्ञांनी घरच्या घरी दूध लहान लहान बाटल्यांत भरून, ते उकळून निर्जंतुक करण्याचे साधन तयार केले. ज्या मातांना दूध नव्हते, त्यांच्या बाळांना अशा दुधाचा मोठाच आधार झाला. तरीही एशेरिख यांचे मत पक्के होते. गाईचे दूध कितीही स्वच्छ केले, तरी ते वासरासाठी निर्माण झालेले आहे. मानवी अर्भकासाठी आईच्या दुधासारखे दुसरे अन्न नाही, असे ते आग्रहाने सांगत.

१८९० साली ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठाने त्यांना बालरोगांचे प्राध्यापक म्हणून बोलाविले. तेथे ते बारा वर्षे राहिले. १८९२ साली त्यांचा विवाह पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक लिओपोल्ड फाउंडलर यांची कन्या मार्गारेट हिच्याशी झाला. ग्रात्सचे बालरुग्णालय त्यांच्या हाताखाली नावारूपास आले. घटसर्पावरील प्रतिविष नवीन निघाले होते; त्याचा उपयोग त्यांनी लवकरच सुरू केला. अपुऱ्या दिवसांच्या बालकांसाठी उबेची व्यवस्था केली. १८९४ च्या सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. लहान मुलींना होणाऱ्या मूत्राशयाच्या दाहात त्यांना आपला जुनाच परिचित, आतड्यातील तो काडीसारखा जंतू, सापडला. आतड्यात निरुपद्रवी असणारा जंतू भलत्या जागी शिरला की त्रास देतो, असा त्याचा अर्थ होता. घरातील चुलीत जळणारा विस्तव स्वयंपाक करतो आणि छपरावर पडलेली ठिणगी घर जाळते, तशातलाच हा प्रकार.

ग्रात्समध्ये त्यांच्याभोवती तरुण शिष्यांचा मेळा जमला. त्यांपैकी अर्न्स्ट मोरो यांनी १९०० साली अर्भकांच्या शौचातून आम्ल सहन करणारा एक नवा जंतू शोधून काढला. त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचात दुबेळक्यासारखा, टोकाला फाटे फुटलेला एक जंतू फार मोठ्या संख्येने आढळला. हवेतील प्राणवायू त्याला सोसत नाही. म्हणून नेहमीच्या काचपट्ट्यांवर तो उगवतच नसे आणि एशेरिख यांच्या हाती तो लागला नव्हता. बायफिडस म्हणून ओळखला जाणारा हा जंतू म्हणजेच अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यातील मुख्य रहिवासी, हे पुढे सिद्ध झाले. आज आपल्याला याच्याही पुढचे ठाऊक आहे. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. मग निसर्गाने त्या दुधात का घातल्या? त्या या जंतूंसाठी आहेत! त्यांवर हे जंतू पोसले जातात, आतड्यात आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात रोगजंतूंना पाय रोवणे कठीण जाते. माता एकाच घोटात बाळालाही जेवू घालते आणि त्याच्या राखणदारांनाही. म्हणूनच पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे आणि नंतर इतर अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

१९०२ साली एशेरिख व्हिएन्ना येथे बालरोगांचे मुख्य प्राध्यापक आणि सेंट ॲना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याची ही राजधानी. एकीकडे राजवाडे, नाट्यगृहे आणि संगीताच्या मैफली; दुसरीकडे एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी मजुरांची कुटुंबे. कारखान्यात जाणाऱ्या आईला बाळास पाजावयास वेळ मिळत नसे आणि चांगले दूध विकत घेण्याची ऐपत नसे. रुग्णालयात कितीही उत्तम उपचार केले, तरी बाळ मरणपंथास लागल्यावरच तेथे येते, हे एशेरिख रोज पाहत होते. तेव्हा डॉक्टरांनी वाट पाहत बसण्यापेक्षा आईपर्यंत आधीच पोहोचले पाहिजे, असे त्यांनी मनावर घेतले.

१९०३ साली त्यांनी अर्भकांच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. नगरातील प्रतिष्ठित स्त्रियांना त्यांनी या कामास जोडून घेतले आणि लोकांपुढे मदतीसाठी हात पसरले. विद्यापीठाच्या प्राध्यापकाने वर्गणीसाठी दारोदार शब्द टाकावा, हे त्या काळच्या रीतीला धरून नव्हते. परंतु त्यांनी मानापमानाचा विचार केला नाही. संस्थेच्या केंद्रात गोरगरिबांच्या स्त्रिया तान्ही मुले घेऊन येत. त्यांना अंगावर पाजण्याचे महत्त्व समजावून दिले जाई आणि ज्यांना दूध नसे त्यांना बाळासाठी निर्जंतुक केलेले दूध मिळे. तान्ह्या मुलांची शुश्रूषा कशी करावी, याचे शिक्षण परिचारिकांना देण्याचीही त्यांनी सोय केली. रुग्णालयात अगदी लहान अर्भकांसाठी वेगळा कक्ष उघडला. ज्या बालकांना रुग्णालये दारात घेण्यास कचरत, त्यांच्यासाठी आता खास खाटा झाल्या.

या धावपळीच्या काळात त्यांच्या स्वतःच्या घरीही दुःख येऊन गेले. त्यांना एक मुलगा व एक मुलगी अशी दोन अपत्ये होती. मुलाचे नाव आजोबांवरून लिओपोल्ड ठेविले होते. तो दहा वर्षांचा असताना वारला. हजारो मुलांना मृत्यूच्या दाढेतून ओढून काढण्यासाठी झटणाऱ्या पित्याला आपल्या मुलासाठी काही करता आले नाही. तरी त्यांचे काम थांबले नाही. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे भरलेल्या विद्वानांच्या परिषदेत त्यांना व्याख्यानासाठी निमंत्रण होते. तेथे त्यांनी बालरोगशास्त्राचा पाया आणि ध्येय यांवर विचार मांडले.

सेंट ॲना रुग्णालयाची इमारत आता जुनी व अपुरी झाली होती. विद्यापीठासाठी नवे, प्रशस्त बालरुग्णालय हवे, असा एशेरिख यांचा सरकारपाशी सारखा तगादा होता. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर बांधकाम सुरू झाले. कोठे काय असावे, यात त्यांनी जातीने लक्ष घातले. परंतु ती वास्तू उघडलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ फेब्रुवारी १९११ रोजी मेंदूतील विकाराच्या झटक्याने त्यांचे व्हिएन्ना येथे निधन झाले. त्या वेळी ते अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. त्याच वर्षी नवे रुग्णालय सुरू झाले आणि त्याची धुरा त्यांचे शिष्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी वाहिली.

एशेरिख यांनी आपल्या जंतूला स्वतःचे नाव दिले नव्हते. ते काम दुसऱ्यांनी केले. १९१९ साली कास्टेलानी आणि चामर्स या दोघा डॉक्टरांनी उष्ण कटिबंधातील रोगांवरील आपल्या ग्रंथात त्या जंतूला ‘एशेरिकिया कोलाय’ असे नाव दिले. १९५८ साली त्याला शास्त्रज्ञांची अधिकृत मान्यताही मिळाली. ‘ई. कोलाय’ म्हणतात तो हाच. पाणी पिण्यास योग्य आहे की नाही, हे तपासताना प्रयोगशाळेत याच जंतूचा शोध घेतात. कारण तो सापडला म्हणजे पाण्यात मळ मिसळला आहे, हे निश्चित होते. याच्या बहुतेक जाती सौम्य आहेत. परंतु काही जाती हगवण उत्पन्न करणाऱ्या आहेत. बालकांच्या हगवणीचा जो अपराधी एशेरिख म्युनिकमध्ये शोधीत होते, त्यांपैकी एक त्यांच्याच ओळखीच्या घराण्यातला निघाला. १९४५ साली इंग्लंडमध्ये जॉन ब्रे यांनी अर्भकांच्या उन्हाळी हगवणीत तो पकडला. उलट याच घराण्यातील एका सौम्य जातीकडून शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिन तयार करून घेतले आणि १९८२ पासून ते मधुमेही रोग्यांना मिळू लागले.

एशेरिख यांनी १८८५ साली अर्भकाच्या शौचातून वेगळ्या काढलेल्या जंतूचा वंश इंग्लंडमधील जंतूंच्या राष्ट्रीय संग्रहात १९२० साली दाखल झाला. शहाऐंशी क्रमांकाच्या नोंदीखाली तो तेथे आजही जतन करून ठेविलेला आहे.